शिळ्या ठेक्यांवरचा खटला

ब्रेकबीटचा (जुन्या गाण्यांतले ड्रमचे तुकडे कापून केलेल्या नृत्यसंगीताचा) किंवा यूके बेसचा (ब्रिटनमधल्या जड बेसच्या नृत्यसंगीताचा) नवा अल्बम आला की दोन तट पडतात, आणि हल्ली ते इतके हमखास पडतात की रेकॉर्ड ऐकण्याआधीच निकाल लागलेला असतो. एक तट म्हणतो, हे तर १९९४ सालचंच आहे. तेच ड्रमचे तुकडे, तोच छातीत घुमणारा बेस, कव्हरवर तीच चकाकती अक्षरं. पोरं आपल्या आईबापांचं तरुणपण विकत घेताहेत. दुसरा तट म्हणतो, छे, हा पुनर्जन्म आहे. विशीतली मुलं पुन्हा जंगलवर, म्हणजे नव्वदच्या दशकातल्या लंडनच्या त्या वेगवान ब्रेकबीट संगीतावर, नाचायला लागली, जिवंतपणाचा आणखी काय पुरावा हवा? माझं म्हणणं असं की दोघांच्या हातातली मोजपट्टीच चुकीची आहे. जुनं सामान वापरणं हा या संगीताचा दोष कधीच नव्हता. तोच त्याचा पिढीजात धंदा आहे. आज काही अडलंच असेल, तर ते कलाकारांच्या कल्पनाशक्तीत अडलेलं नाही. हे संगीत ज्या खोल्यांमध्ये घडायचं त्या खोल्यांत आणि त्याचा पैसा ज्या वाटेने जातो त्या वाटेवर ते अडलं आहे.

मुळापासून पाहू. गाण्यात बाकी सगळी वाद्यं थांबतात आणि एकटा ड्रमर वाजत राहतो, तो तुकडा म्हणजे ब्रेक. १९७३ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागात, जमैकाच्या किंग्स्टनमधून आलेल्या डीजे कूल हर्कने हेरलं की नाचणारे लोक याच तुकड्याची वाट पाहत असतात. मग एकाच रेकॉर्डच्या दोन प्रती दोन टर्नटेबलांवर ठेवून तो तुकडा लांबवत नेण्याची युक्ती त्याने बसवली. या तुकड्यांतला सर्वांत जास्त वापरला गेलेला म्हणजे आमेन ब्रेक. द विन्स्टन्स या बँडच्या १९६९ सालच्या 'आमेन, ब्रदर'मध्ये ग्रेगरी कोलमनने वाजवलेले हे चार बार, म्हणजे तालाची चार आवर्तनं, जेमतेम सात सेकंदांची. आणि ते गाणं तरी कुठे 'मूळ' होतं? चर्चमधल्या जुन्या 'आमेन'ची ती वाद्यांवरची आवृत्ती होती, गाजलेल्या दुसऱ्या गाण्याच्या मागच्या बाजूला जागा भरण्यासाठी घातलेली. १९८६ मध्ये ते डीजेंसाठी काढलेल्या ब्रेक्सच्या एका संकलनात आलं, आधी हिपहॉपवाल्यांनी उचललं, आणि नव्वदच्या सुरुवातीला लंडनच्या जंगलवाल्यांनी ते मिनिटाला १६०-१७० ठोक्यांपर्यंत पळवून, कापून, उलटसुलट जोडून टाकलं. म्हणजे ज्या १९९४ला आज अस्सलपणाचं माप मानलं जातं, ते स्वतःच पंचवीस वर्षं जुन्या तुकड्याचं तिसरं-चौथं बिऱ्हाड होतं.

बेसची वंशावळही हेच सांगते. दुसऱ्या महायुद्धानंतर कॅरिबियन बेटांवरून ब्रिटनमध्ये आलेल्या लोकांनी सोबत साउंड सिस्टिम आणली: कपाटाएवढे स्पीकर, ते चालवणारा माणूस आणि वर बोलणारा माणूस. जमैकात एकच वाद्यमेळ, ज्याला ते रिदम म्हणतात, घेऊन पंधरा-वीस गायकांनी पंधरा-वीस गाणी करायची हा सरळ व्यवहार होता. रेकॉर्डच्या मागच्या बाजूला त्याच गाण्याचं गायकाविना रूप, आणि त्या रूपाची किंग टबीसारख्या तंत्रज्ञाने मिक्सिंगच्या टेबलावर केलेली मोडतोड म्हणजे डब. जंगल, गराज, ग्राइम, डबस्टेप या लंडनच्या शैली, ही सगळी मंडळी याच घरातली. या घरात जन्मलेल्या पोराला 'तू तुझ्या बापासारखा का दिसतोस' असं विचारणं जरा गमतीचंच आहे.

एक योगायोग सांगतो, कारण तो मला फार बोलका वाटतो. १९९२ मध्ये इंग्लंडातल्या कासलमॉर्टनच्या माळावर हजारो लोकांचा फुकट रेव्ह, म्हणजे उघड्यावरचा नाचाचा मेळावा, झाला, त्यावर गदारोळ उठला आणि १९९४ मध्ये ब्रिटिश संसदेने फौजदारी न्यायाचा एक कायदा केला. रात्रीच्या मोकळ्या जागेवरच्या ज्या मेळाव्यांना पोलीस उठवू शकतील, त्यांतल्या संगीताची व्याख्या करताना कायद्याने लिहिलं की एकामागून एक पुन्हा पुन्हा येणारे ठोके हे ज्याचं प्रमुख लक्षण आहे असे आवाजही त्यात धरावेत. उत्तर म्हणून ऑटेकर या इलेक्ट्रॉनिक संगीत करणाऱ्या जोडीने त्याच वर्षी एक रेकॉर्ड काढली. तिच्यातला एक ट्रॅक असा रचला होता की त्यातला कुठलाच बार दुसऱ्यासारखा नव्हता, आणि वेष्टनावर सूचना होती की वाजवताना वकील आणि संगीततज्ज्ञ हाताशी ठेवा. पुनरावृत्ती म्हणजे संशयास्पद, ही कल्पना संसदेची होती. तीस वर्षांनी तीच कल्पना रसिकांच्या तोंडी यावी?

पण समोरच्या बाजूचा सर्वांत धारदार युक्तिवाद असा थट्टेवारी नेता येणार नाही. तो मार्क फिशर या ब्रिटिश समीक्षकाचा आहे. तो म्हणायचा, गेल्या एक-दोन वर्षांतली कुठलीही रेकॉर्ड घ्या आणि ती १९९५ मध्ये पाठवून रेडिओवर वाजवा. ऐकणाऱ्याला धक्का बसेल का? बसला तर तो याचाच, की भविष्य इतकं ओळखीचं कसं. याउलट १९९३ चं जंगल चारच वर्षं मागे, १९८९ मध्ये नेऊन वाजवलं असतं तर लोकांना ते संगीत वाटलं असतं की नाही, हीच शंका. ही कसोटी खरी आहे. मी ती मनातल्या मनात अनेक नव्या रेकॉर्डना लावून पाहिली आहे आणि बहुतेक नापास होतात. टिम रीपर आणि मेलबर्नचा क्लोक यांचा २०२४ चा अल्बम, हायपरडबसारख्या पुढे पाहणाऱ्या लेबलवर आलेला, १९९५ च्या लंडनमध्ये कुणाला बुचकळ्यात पाडेल असं मला वाटत नाही. लोक म्हणतील, वा, कोण आहेत हे? आणि नाचतील.

मान्य. पण तो धक्का आला कुठून होता, हे फिशरच्या कसोटीत विचारलं जात नाही. जंगलच्या कारागिरांकडे प्रतिभा होतीच. तिच्या जोडीला एक यंत्रही होतं. अकाई एस-९५० या सॅम्पलरची, म्हणजे आवाजाचे तुकडे साठवून वाजवणाऱ्या यंत्राची, मूळ स्मरणशक्ती एक मेगाबाइटसुद्धा नव्हती. त्यात तुकडे कोंबायचे तर ते आखूड करा, वेगाने भरून मग हळू करा, अशा कसरती करायला लागायच्या. अकाईच्या या सॅम्पलरांत आवाजाची पट्टी न बदलता त्याची लांबी ताणण्याची सोयही होती. ती ताणताना आवाज खडखडीत, धातूसारखा व्हायचा. खरं म्हणजे तो यंत्राचा दोष. जंगलवाल्यांनी त्याची सही केली. गायकाचा शब्द ताणून ताणून गंजलेल्या दारासारखा कुरकुरवला. १९८९ च्या माणसाला धक्का बसला असता तो या यंत्राचा. आज कुठल्याही लॅपटॉपमध्ये हे सगळं, आणि याच्या हजारपट, आहे. यंत्राने फुकट दिलेला धक्का एकदाच मिळतो. तो पुन्हा मिळत नाही म्हणून पुढच्या प्रत्येक कलाकाराला नापास करायचं असेल तर छपाईयंत्रानंतर गद्य लिहिणाऱ्या सगळ्यांनाच घरी पाठवायला हवं.

मग नवेपणा कुठे शोधायचा? मराठी माणसाला हा प्रश्न परका नाही, निदान नसावा. १८८० मध्ये किर्लोस्करांनी 'शाकुंतल' उभं केलं तेव्हा पदांच्या चाली कीर्तनातून, साक्या-दिंड्यांतून, लावणीतून, कर्नाटकी पदांतून आल्या होत्या. १९११ च्या 'मानापमान'साठी गोविंदराव टेंब्यांनी पूरबकडच्या ठुमऱ्या-दादऱ्यांच्या चाली आणल्या. १९१६ च्या 'स्वयंवर'साठी भास्करबुवा बखल्यांनी ख्यालाच्या बंदिशी घेतल्या. म्हणजे नाट्यसंगीताचा सुवर्णकाळ ज्याला आपण म्हणतो तो बराचसा उचललेल्या चालींवर उभा आहे, आणि याची कुणाला लाज नव्हती. छापील नाटकाच्या पुस्तकात पदाच्या डोक्यावर राग, ताल आणि कुठली चाल घेतली तेही छापलेलं असायचं. बैठकीतली ठुमरी रंगमंचावर आली, तीन-चार मिनिटांत बसली, नायिकेच्या रुसव्याला चिकटली, आणि बालगंधर्वांच्या गळ्यातून बाहेर पडताना तिचा पुन्हा पत्ता लागला नाही. स्वरांची ओळ तीच होती; तिचं काम बदललं होतं. ब्रेकबीटला लावायची कसोटी हीच आहे: उचललेला तुकडा नव्या ठिकाणी काय काम करतो?

ही कसोटी लावली की नव्या रेकॉर्डांत फरक दिसायला लागतो, आणि तो सरसकट कौतुकाचा नसतो. निया आर्काइव्ह्ज या ब्रिटिश गायिका-निर्मातीचा 'सायलेन्स इज लाउड' (२०२४) घ्या. ठेके जंगलचेच, त्यांत लपवाछपवी नाही. पण जंगलमध्ये बाईचा आवाज बहुतेक वेळा कुठल्या तरी सोल रेकॉर्डवरून कापलेली एक ओळ असायचा: आर्त, सुंदर आणि निनावी. इथे तीच बाई गीत लिहिते, ब्रिटपॉपच्या वळणाची आख्खी गाणी गाते, घर तुटल्याचं आणि गर्दीतल्या एकटेपणाचं बोलते, आणि धावता ठेका तिच्या मागे साथीला बसतो. तुकडा तोच, मान कुणाचा ते बदललं. म्युनिकच्या स्की मास्कने 'कॉम्प्रो'मध्ये (२०१८) ब्रेक इतके धुक्यात नेले की ते नाचवतातही आणि नाचू नका असंही सांगतात. ज्रम (Djrum) या ब्रिटिश निर्मात्याचा २०२५ चा अल्बम पियानोच्या बोटांनी ब्रेक वाजवतो असं वाटतं. तिथे ड्रम आणि पियानो यांत कोण साथीदार हे दर मिनिटाला बदलतं. मला स्वतःला हा गेल्या काही वर्षांतला सर्वांत अवघड आणि सर्वांत समाधान देणारा अल्बम वाटतो, पण तो क्लबपेक्षा हेडफोनवर जास्त चालतो, हीही त्याची मर्यादा म्हणा. वेल्सच्या ओव्हरमोनो बंधूंच्या 'गुड लाइज'वर (२०२३) मी तितका भाळलो नाही. चिरलेला आवाज आणि त्याखाली गुळगुळीत बेस ही युक्ती तिसऱ्या ट्रॅकनंतर कळते. तरी स्टेडियमएवढ्या गर्दीला गराजच्या तिरक्या तालात हलवणं सोपं नाही, हे कबूल.

आणि भंगारही पुष्कळ आहे. आमेनचे आधीच कापून ठेवलेले तुकडे विकत मिळतात. ते एका ओळीत मांडले, वर 'रिवाइंड' ओरडणाऱ्या माणसाचा आवाज चिकटवला, जुन्या चोरट्या रेडिओची खरखर घातली की रेकॉर्ड तयार. परंपरेची ढाल अशा आळशी कामापुढे धरली जाते हे मला दिसतं, आणि नाट्यसंगीताचं उदाहरण तिथे उलटतंही: गंधर्वांची नक्कल करणाऱ्यांच्या रांगाही आपण पाहिल्या आहेतच. पण नक्कल वाईट ठरते ती तिचं सामान जुनं आहे म्हणून नाही. तिला त्या सामानाकडून कसलंच काम करून घ्यायचं नसतं, म्हणून ती वाईट. हा निवाडा रेकॉर्डगणिक करावा लागतो. 'सगळं शिळं' म्हटलं की तो करायचे कष्ट वाचतात.

आता दुसऱ्या तटाकडे. जंगल 'परत आलं' म्हणणाऱ्यांना विचारावंसं वाटतं, ते गेलं कुठे होतं? कूल एफएम हे लंडनचं रेडिओ केंद्र १९९१ मध्ये इमारतींच्या गच्चीवर चोरून अँटेना लावून सुरू झालं आणि त्याचे डीजे फॅशन येवो जावो वाजवत राहिले. रिन्स एफएम १९९४ पासून चोरून चाललं, २०१० मध्ये त्याला परवाना मिळाला. संगीत तिथेच होतं. त्याच्यावर नजर होती ती पोलिसांची. २००५ पासून लंडनच्या पोलिसांनी क्लबांना फॉर्म ६९६ नावाचा अर्ज भरायला लावला. त्यात सुरुवातीला कुठल्या प्रकारचं संगीत वाजणार आणि कुठल्या वंशाचे लोक येणार हेही विचारलेलं होतं. ते प्रश्न पुढे काढले गेले, पण अर्ज २०१७ पर्यंत टिकला. ग्राइम आणि गराजच्या कार्यक्रमांना याची झळ किती लागली ते त्या दुनियेतले कलाकार वर्षानुवर्षं सांगत होते. 'पुनर्जन्म' म्हणून टाळ्या वाजवताना ही नाकेबंदी सोयीने विसरली जाते.

इथेच मला या वादाचा खरा गाभा दिसतो. डबस्टेप कसा घडला? क्रॉयडनमधलं बिग ॲपल नावाचं रेकॉर्डचं दुकान, तिथे उठबस करणारी स्क्रीम, बेंगा, हॅचा अशी पोरं. शोरडिचमधला प्लास्टिक पीपल हा लहानसा, जवळजवळ अंधारा क्लब, त्यातली फॉरवर्ड नावाची नेमाची रात्र. ब्रिक्स्टनमध्ये माला, कोकी आणि लोफा यांनी भरवलेली डीएमझी. दक्षिण लंडनमधल्या फॉरेस्ट हिलचा ट्रान्झिशन स्टुडिओ, जिथे या आठवड्यात बनवलेला ट्रॅक डबप्लेटवर, म्हणजे एकेका प्रतीच्या मऊ तबकडीवर, कोरून घ्यायचा आणि लगेच त्या रात्री वाजवायचा. डबप्लेट थोडे दिवस वाजवली की झिजते. म्हणजे घाई अंगभूतच. बेस चुकला तर अंगाला कळायचं, दुसऱ्या दिवशी दुरुस्ती, पुढच्या खेपेला पुन्हा तीच मंडळी, तोच स्पीकर. नवी शैली म्हणजे अशा लहान खोलीत, त्याच त्या लोकांसमोर, वर्षानुवर्षं चाललेली तालीम. लंडनच्या हॉक्स्टन चौकातल्या ब्लू नोटमध्ये नव्वदच्या मध्यात रविवारी मेटलहेड्झ या जंगलच्या लेबलची रात्र असायची आणि सोमवारी तबलावादक तलविन सिंगची अनोखा; एकाच घरात एका रात्री आमेन, दुसऱ्या रात्री आमेनशी भांडणारा तबला. तलविनला १९९९ चा ब्रिटनमधला मर्क्युरी पुरस्कार मिळाला त्यामागे असली शेजारधर्माची जागा होती.

ब्लू नोट त्या चौकातून उठला. प्लास्टिक पीपल २०१५ मध्ये बंद झाला. २०१६ मध्ये लंडनच्या फॅब्रिक या क्लबचा परवाना काढून घेतला गेला, तो कडक अटींवर परत मिळाला. आज नवा ट्रॅक बनवणाऱ्या पोरापुढे काय आहे? महोत्सवात एक तास, समोर आपल्याला ओळखत नसलेले दहा हजार लोक, आणि त्यातला तीस सेकंदांचा तुकडा फोनवर फिरला तर पुढचं बोलावणं. तिथे तो ओळखीचा ठेका वाजवणार नाही तर काय करणार? अनोळखी गर्दीला पहिल्या चार बारांत पकडायचं तर आमेनइतकं खात्रीचं दुसरं काही नाही. शिळेपणाचा दोष द्यायचाच तर शहराच्या भाड्याला द्या, परवान्यांच्या कचेरीला द्या. पण जागा असेल तर नवं येतंच: कोलंबियाच्या ट्राट्राट्रॅक्स या लेबलवर २०२२ मध्ये निक लिऑनने व्हेनेझुएलातल्या काराकासच्या डीजे बाबाटरसोबत काढलेला ट्रॅक लंडनच्या बेसवाल्यांनी डोक्यावर घेतला. बाबाटरचा रॅप्टर हाउस हा ठेकाही काराकासच्या वस्त्यांमधल्या नाचांतून आलेला, म्हणजे तिथेही आधी नाचायची जागाच होती.

राहता राहिला पैसा, आणि तो मी शेवटी ठेवला आहे कारण दोन्ही तट त्याबद्दल गप्प असतात. ज्या सात सेकंदांवर हजारो रेकॉर्ड उभ्या आहेत त्यांचा वादक ग्रेगरी कोलमन २००६ मध्ये अटलांटात बेघर अवस्थेत गेला. त्याला त्या वापराचा एक पैसा मिळाला नव्हता. बँडचा प्रमुख रिचर्ड स्पेन्सर याला २०१५ मध्ये दोन ब्रिटिश डीजेंनी लोकवर्गणी काढून २४,००० पौंड दिले. चांगलं केलं, पण ती वर्गणी होती, हक्क नव्हे. काळ्या कलाकारांनी घडवलेल्या या संगीतासाठी ब्रिटनच्या मोबो पुरस्कारांत वेगळा विभागसुद्धा बरीच वर्षं नव्हता. निया आर्काइव्ह्जने आयोजकांना जाहीर पत्र लिहिलं, २०२२ मध्ये विभाग आला आणि पहिला पुरस्कार तिलाच मिळाला.

आपल्याकडचाही एक धागा यात आहे. १९९८ च्या फेब्रुवारीत ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर पोचलेलं कॉर्नरशॉपचं 'ब्रिमफुल ऑफ आशा', नॉर्मन कुकने ब्रेकबीट घालून पळवलेलं, आशा भोसल्यांचं नाव उघडपणे गात होतं. चारच वर्षांनी १९८१ च्या 'ज्योती' चित्रपटातला लताबाईंचा आवाज एका अमेरिकन हिपहॉप-सोल गाण्यात नाव न सांगता आला, आणि संगीतकार बप्पी लाहिरींना श्रेयासाठी लॉस एंजेलिसच्या न्यायालयात जावं लागलं. पहिल्या गाण्याने आवाज घेतला नाही, नाव घेतलं. दुसऱ्याने आवाज घेतला, नाव टाकलं.

नाटकाच्या पुस्तकात चाल छापायचे तशी रेकॉर्डच्या वेष्टनावर ब्रेकची ओळ का छापू नये? उत्तर ठरलेलं असतं: छापली की वकिलाची नोटीस येते. तीनशे-पाचशे प्रती काढणाऱ्या लेबलला मोठ्या कंपनीकडे परवानगी मागणं परवडत नाही, म्हणून ते गप्प बसतं, हे खरं आहे आणि त्या लेबलांना मी दोष देत नाही. पण मग लहान आवृत्त्यांसाठी ठरावीक टक्क्यांचा एकच ठोक परवाना मागायला कुणी अडवलंय? यातही गोम आहे. टक्के हक्कधारकाला जातील, वादकाला नाही. विन्स्टन्सचे हक्क स्पेन्सरकडे होते आणि काठ्या कोलमनच्या हातात. म्हणून वादकाचा वाटा वेगळा बांधून घ्यावा लागेल. ब्रिटनमध्ये रेकॉर्ड रेडिओवर वाजली की तिच्यातल्या वादकाचा वाटा पीपीएल ही संस्था आजही गोळा करते, भाड्याने बोलावलेल्या वादकाचासुद्धा. अख्खं गाणं वाजलं तर ड्रमरला पैसे आणि नुसत्या त्याच्याच तुकड्यावर उभ्या हजारो रेकॉर्डांतून कोलमनला काहीच नाही, ही रीत नेमकी कुणाच्या सोयीची आहे?